पॅरासिटामॉल यांस, मुक्काम नेदरलँड्स

माननीय पॅरासिटामॉल यांस,


अ‍ॅमस्टलव्हेन, हेग, आइंडहोव्हन येथे नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या वतीने हे तक्रारवजा पत्र. सर्दी असो, घसा असो, ताप असो की पाठ धरलेली असो, इथला हाउसआर्ट्स आपलंच नाव सांगतो. हाउसआर्ट्स म्हणजे ज्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाचं दार उघडत नाही तो घरचा डॉक्टर. तोही भेटला तर. पुष्कळदा निकाल फोनवरच्या सहायिकेपाशीच लागतो: आपण, भरपूर पाणी आणि विश्रांती. सुपरमार्केटात मिळणारी वस्तू सांगायला डॉक्टर कशाला, हा आमचा रोकडा सवाल. आमच्या गावी साध्या तापाला एक अँटिबायोटिक, एक पित्ताची गोळी, एक बी-कॉम्प्लेक्स, खोकल्याची बाटली आणि ऑफिस बुडत असेल तर इंजेक्शन, असा भरगच्च बेत होतो. इथे आपण एकटेच. एकोणिसाव्या शतकात जन्मूनही आपण नेमकं काम कसं करता हे अजून पुरतं उलगडलेलं नाही, तरी अख्ख्या देशाचा आपल्यावर एवढा विश्वास!

तक्रार पुराव्यानिशी मांडावी म्हटलं, तर पुरावा आपल्याच बाजूने साक्ष देतो, ही आमची मोठी पंचाईत. सर्दी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायोटिक काडीचंही चालत नाही. साधा खोकला तीन आठवडे रेंगाळू शकतो, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात सुरू केलेल्या कोर्सला जो गुण येतो, तो बराचसा आपसूकच यायचा असतो. मुलांच्या कानदुखीत लगेच अँटिबायोटिक न देता वाट पाहिली तर बहुतेक मुलं बरी होतात, हे डच संशोधकांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं आणि १९९० पासून इथल्या घरच्या डॉक्टरांच्या नियमावलीत ते आलं. रुग्णालयाबाहेर अँटिबायोटिक सर्वांत कमी खाणाऱ्या युरोपीय देशांत नेदरलँड्सची गणना होते. उलट, जे विकर (एन्झाइम) हाताशी असलं की जिवाणू शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत, त्याच्या नावात नवी दिल्ली आहे. २००८ साली भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते सापडलं. भारतात २०१४ पासून औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीतल्या अँटिबायोटिकची विक्री वहीत नोंदवणं दुकानदाराला बंधनकारक आहे. ती वही किती दुकानांत उघडली जाते, हे आपण न विचारलेलं बरं. म्हणूनच परदेशी रुग्णालयात नुकतंच राहून आलेल्या माणसाला, औषधाला दाद न देणारे जिवाणू त्याने सोबत आणले नाहीत ना याच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत, इथल्या रुग्णालयात वेगळ्या खोलीत ठेवतात. आमच्या मंडळींना त्याचा राग येतो. हिशेब मात्र चुकीचा म्हणता येत नाही.

यावर आमचे काही बंधू म्हणतात, हा सगळा विमा कंपन्यांचा पैसे वाचवण्याचा डाव आहे. दर महिन्याला सक्तीचा हप्ता भरायचा, वर वर्षाला पहिले ३८५ युरो खिशातून, आणि पदरात काय, तर आपण! पण घरच्या डॉक्टरची भेट त्या ३८५ युरोंत धरत नाहीत. अडवणूकच करायची असती तर पहिल्याच दारावर पैसे मागितले असते. दाराशी राखणदार बसवल्याने खर्च वाचतो हे खरंच; पण ज्याची गरज नव्हती ते दिलं नाही, तर त्यात फसवणूक कुठली?

दुसरा आक्षेप जड आहे. शंभरांतला एक आजार खरोखर गंभीर असतो, त्याचं काय? कानदुखी वाढून कानामागच्या हाडाला होणारा संसर्ग अँटिबायोटिक सढळ हाताने देणाऱ्या देशांपेक्षा नेदरलँड्समध्ये थोडा जास्त आढळल्याचं संशोधकांनीच नोंदवलं आहे. तसा एक रुग्ण टाळायला हजारो मुलांना औषध द्यावं लागेल, हे उत्तर योग्यच. पण ‘थांबून पाहू’ हा उपचार होतो तो रोगी परत आला तरच. डच माणूस चौथ्या दिवशी फोन करून सरळ सांगतो की बरं वाटत नाही, आता तपासा. डॉक्टरांशी हुज्जत घालू नये या शिस्तीत वाढलेला आमचा माणूस परक्या भाषेत ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवतो आणि सामानातून आणलेली अझिथ्रोमायसिनची पट्टी शोधतो. मग चुकलं कुणाचं, हे ठरवायला कुणीच उरत नाही.

तेव्हा आपल्याला हद्दपार करण्याची जी मागणी करायला निघालो होतो, ती आम्ही मागे घेत आहोत. त्याऐवजी एवढंच मागतो: आपल्या नावापाठोपाठ ताप किती दिवस चढता राहिला, श्वास कसा लागला, मूल किती सुस्त पडलं तर न संकोचता परत यायचं, हे डॉक्टरांनी रोग्याला कळेल अशा भाषेत, न विचारता सांगावं. वाट पाहायला सांगणाऱ्यानेच वाट कुठवर पाहायची तेही सांगावं. नाहीतर आम्ही सुट्टीत पुण्याला जाऊन सगळ्या तपासण्या एकदमच करून घेऊ, आणि रिपोर्टांची फाइल आपल्या डॉक्टरांच्या टेबलावर आणून ठेवू.

आपले नाइलाजाने झालेले चाहते,
समस्त मराठी रुग्ण, नेदरलँड्स