घाबरू नये, पुढे जावे

आमच्या ऑफिसात हजेरीचं पोर्टल उघडलं की क्रोम लाल त्रिकोण दाखवतो : तुमचं कनेक्शन खाजगी नाही. आयटीवाल्यांनी त्यावर उपाय काढलाय. भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद. ‘घाबरू नये. आधी अॅडव्हान्स्ड, मग प्रोसीड दाबावे.’ ‘घाबरू नये’ हे मी आजवर फक्त इंजेक्शनआधी ऐकलं होतं.

क्रोमची तक्रार साधी आहे. सर्व्हरने ओळखीचा दाखला दिलाय, पण त्यावर सही त्याची त्यानेच ठोकलीय. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याऐवजी अर्जदाराचीच सही चालवून घ्या, असा आग्रह केंद्र सरकारने 2014 मध्ये धरला. ते परिपत्रक ब्राउझरपर्यंत पोहोचलेलं नाही.

अर्थात ब्राउझरचे राजपत्रित अधिकारी, म्हणजे दाखल्यांवर शिक्का मारणाऱ्या संस्था, तरी कुठे धुतल्या तांदळाचे? त्याच 2014 च्या जुलैत आपल्या सरकारी एनआयसीच्या शिक्क्याने गूगलच्या पत्त्यांचे भलतेच दाखले निघालेले उघडकीस आले. विंडोजवर ते खरे ठरत होते. फायरफॉक्स वाचला, कारण भरवशाच्या शिक्क्यांची त्याची यादी वेगळी होती.

आमच्या पोर्टलचं दुखणं मात्र एका दुपारचं आहे. आधी संगणकाची तारीख बघायची. मदरबोर्डवरचा सेल उतरला की संगणक भूतकाळात जातो आणि धडधाकट दाखलाही नाकारतो. मग दाखल्यातलं नाव. 2017 पासून क्रोम ‘कॉमन नेम’चा रकाना वाचतच नाही, सर्व्हरचा पत्ता ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्येच लागतो, आणि जुन्या पाककृतीने केलेले दाखले इथेच आपटतात. हे झालं की ऑफिसचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र प्रत्येक संगणकात एकदा बसवायचं. ऑफिसच्या मालकीचं डोमेन असेल तर तेवढाही खटाटोप नको, लेट्स एन्क्रिप्ट फुकट दाखला देते. पण ही दुपार कोणाची, आयटीची की पोर्टल पुरवणाऱ्याची, यावर चार बैठका झाल्या. लॅमिनेशनला बैठक लागली नाही.

परवा लेखा विभागातल्या मॅडम सांगत होत्या, स्टेशनवरच्या फुकट वायफायवर लॅपटॉप उघडला तर तोच लाल त्रिकोण. ‘मी नाही घाबरले,’ म्हणाल्या. ‘अॅडव्हान्स्ड, प्रोसीड. पाठच आहे मला.’

हे मी आयटीवाल्यांच्या कानावर घातलं. त्यांनी लगेच दखल घेतली. कागदाचा एक कोपरा सुटला होता, त्याला नवी टेप लावली.