दळण फुकट, पट्टी थकीत

आमच्या बीडच्या पाटोद्यात नगरपंचायतीचा उमेदवार दारात आला की छातीठोकपणे सांगतो, ‘दादा, त्या आदर्श पाटोद्यासारखं करून दाखवतो!’ ते पाटोदा छत्रपती संभाजीनगरजवळचं, माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांचं. तिथला हिशेब रोकडा: सगळा कर भरा, वर्षभर दळण फुकट. आमचा गडी दळणाचं तेवढं बोलतो, कराचं नाव काढत नाही. अर्थसंकल्पाचं विचारलं तर म्हणतो, ‘निधी वरून आणू.’ वरून आमच्याकडं पाऊससुद्धा धड येत नाही!

आणि त्या आदर्श गावानं जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत पेरे पाटलांच्याच मुलीला पाडलं. नुसत्या नावावर तिथंही मत मिळालं नाही; तेव्हा सुधारक उमेदवारांनो, पत्रक वाटण्याआधी स्वतःच्या घरपट्टीची पावती तेवढी दाखवा.