नाव घातलेला डबा

पहाटे तीन वाजता आमच्या स्वयंपाकघरातून टण्... टण्... असा आवाज यायला लागला, की समजावं दादा अमेरिकेहून आलाय. जेटलॅगमुळे झोप येत नाही, हे कारण. झोप आली नाही की बाकीचे लोक मोबाइल चाळतात. दादा मांडणीवरच्या एकेका भांड्याला टिचकी मारत बसतो. काशाचं भांडं बराच वेळ गुणगुणतं, पितळेचं लवकर गप्प होतं, आणि स्टीलचा आवाज ऐकल्यावर दादा असा सुस्कारा सोडतो की पलीकडच्या खोलीत आईला जाग येते.

"कोण रे?"

"मी गं. आजोबांची काशाची वाटी होती ना आपली? तळपायाला तूप चोळायची?"

"होती. अठ्ठ्याण्णव साली तूच दिलीस मोडीत."

दर दोन वर्षांनी आमच्या घरी डिसेंबर उजाडतो तो ह्या संवादाने.

अठ्ठ्याण्णव साली काय झालं ते सांगायला हवं. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली होती, आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि न्यू जर्सीला गेलेला दादा पहिल्यांदाच सुट्टीवर आला होता. बॅग ठेवल्या ठेवल्या तो म्हणाला, "आई, किती अडगळ साठवलीयस!" आठ दिवसांत तांब्याचा बंब, घंगाळ, दोन हंडे, फिरकीचा तांब्या आणि ती काशाची वाटी असं सगळं तराजूत चढलं. भंगारवाल्याने पैसे मोजून दिले, त्यात दादाने पदरचे घालून गीझर बसवून दिला. आई चार दिवस न्हाणीघरात गेली की बंबाच्या जागेकडे बघायची. दादा तेव्हा नवा नवा अमेरिकन होता. आता तो जुना अमेरिकन झालाय, म्हणून त्याला जुनं लागतं.

न्यू जर्सीच्या घरी त्याने दिवाणखान्याच्या भिंतीवर विळी टांगलीय. पहिल्यांदा जेवायला आलेला अमेरिकन शेजारी तिच्याखालची खुर्ची सोडून दुसरीकडे बसला म्हणे. जात्याच्या तळीवर काच ठेवून कॉफीचं टेबल केलंय. आता त्याला बंब हवाय. पाणी तापवायला नव्हे, आत बल्ब लावून कोपऱ्यात ठेवायला. गेली दहा वर्षं तो बंब शोधतोय. सापडतात तेही. पण "आपल्यासारखा नाही रे," म्हणून परत ठेवतो. आपला कसा होता हे विचारलं तर हाताने हवेत एक आकार काढून दाखवतो. तो आकार दर खेपेला थोडा मोठा होत चाललाय.

असा एकेक दादा आता प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला आलाय. आमच्या सोसायटीत चार आहेत. रविवारी जुन्या बाजारात हे चौघे एकमेकांना दिसतात, आणि दारूच्या दुकानासमोर भेटलेल्या मास्तरांसारखे माना फिरवतात. कारण सोपं आहे. ह्याला सापडलेलं घंगाळ त्याला दिसता कामा नये.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. परगावच्या माणसाला हे वाक्य तीनदा सांगावं लागतं. तिथे जाताना दादा वेष पालटतो. माझा कॉलर विरलेला शर्ट, बाबांच्या जुन्या चपला, हातात कापडी पिशवी. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवतो. पेठेतल्या पेन्शनरचा वैताग चेहऱ्यावर यावा म्हणून आरशासमोर थोडा सरावही करतो. एवढं करून शाहीर अमर शेख चौकात रिक्षातून उतरलो, की पहिलाच विक्रेता विचारतो, "कधी आलात सायेब तिकडनं?"

कशावरून ओळखलं, असं मी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"त्यात काय अवघड? इथला माणूस वस्तू घ्यायची असली की वस्तूकडं बघत न्हाई, भलतीकडंच बघतो. हे सायेब डोळं भरून बघत्यात."

हे अगदी खरं आहे. मला पाटा घ्यायचा असेल तर मी आधी शेजारच्या पान्हे-पक्कडीत पाच मिनिटं घालवीन, मग जाता जाता पायाने पाटा सरकवून "हा असाच पडलाय का?" म्हणेन. दादा उकिडवा बसतो, वस्तू दोन्ही हातांत घेतो आणि म्हणतो, "वा! काय काम आहे! केवढ्याला?" पुण्यात भाव विचारण्याआधी वस्तूची स्तुती म्हणजे खिसा स्वतःच उलटा करून दाखवणं. त्यात "चारशे" ऐकल्यावर तो माझ्याकडे वळून कुजबुजतो, "जेमतेम पाच डॉलर!" ही कुजबुज तीन दुकानांपर्यंत ऐकू जाते आणि चौथ्या दुकानात चारशेची वस्तू सातशेची होते. सातशे देऊन दादा विक्रेत्याला वर "थँक यू" म्हणतो. विक्रेता माझ्याकडे बघतो. त्या नजरेत माझ्याविषयी सहानुभूती असते.

फसवणुकीबद्दल दादाला बोललेलं खपत नाही. त्याच्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचा अर्धा आणा आहे. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला साल १८१८. मखमलीच्या डबीत ठेवलाय. कंपनीने रामदरबाराचं नाणं कधी पाडलंच नाही, ही सगळी मागाहून केलेली बनावट नाणी, हे मी त्याला परोपरीने सांगितलं. "अरे, ज्या वर्षी पेशवाई बुडवली, त्याच वर्षी हे साहेब रामाची नाणी काढतील?" दादा शांतपणे म्हणाला, "लोकांना बरं वाटावं म्हणून काढली असतील." ह्यावर काय बोलणार.

मुंबईची एक फेरीही ठरलेली. चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर. मुंबईतली ट्राम १९६४ साली बंद झाली, पण तिच्या घंटा संपत नाहीत. दादानेच आतापर्यंत तीन घेतल्या. ग्रामोफोन घेतला तर खोका जुना आणि कर्णा नवाकोरा निघाला. रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी म्हणून जे चित्र मिळालं, त्यावरचे डाग चहाचे आहेत असं आईने वासावरून सांगितलं. "त्यात आलंही होतं," ती म्हणाली. गेल्या खेपेस हा शुक्रवारी गेला. शुक्रवारी तिथली दुकानं बंद. मग बंद दुकानांच्या फळ्यांचे फोटो काढून आला. फळ्या जुन्या होत्या.

ह्या सगळ्यात त्याच्या घरच्यांचं काय? मुलगी सोळा वर्षांची आहे, ती बाजाराच्या तोंडाशी गाडीतच बसून राहते. बारा वर्षांच्या मुलाला पुण्यातली एकच जुनी वस्तू आवडते. माझी स्कूटर. ती सुरू करायच्या आधी एका अंगावर कलती करावी लागते, ह्या गोष्टीवर तो बेहद्द खूश आहे. दिवसातून चारदा तो ती नुसतीच कलती करतो. दादाने त्या स्कूटरकडे कधी ढुंकूनही पाहिलेलं नाही. ती अजून चालते ना, म्हणून.

वहिनी भांडत नाहीत. त्यांचा एकच नियम आहे. बॅगा माणशी दोन, प्रत्येकी तेवीस किलो. वहिनींच्या आणि मुलांच्या बॅगांत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि बाकरवडी. तिथे पितळेने पाऊल टाकायचं नाही. दादाच्या बॅगेत पितळ भरायचं असेल तर तेवढ्याच वजनाचे दादाचे कपडे बाहेर. न्हाणीघरातला वजनकाटा हॉलमध्ये येतो, आणि एका हंडीपायी दोन जीन्स आणि एक जाकीट पुण्यात राहतं.

आता त्या डब्याकडे येतो. गेल्या डिसेंबरात दादाला जुन्या बाजारात एक पितळी कडीचा डबा मिळाला. इतका काळा की आधी मला तो लोखंडाचा वाटला. दादाने टिचकी मारली, कान लावला आणि विचारलं, "पेशवेकालीन असावा का हो?"

"असंल की," विक्रेता म्हणाला. डबा पाचशेचा असावा. वरचे हजार पेशवाईचे पडले.

घरी आल्यावर दादा डबा मांडीवर घेऊन बसला. ह्यात मोहरा ठेवत असतील, पानिपतावर गेला असेल, असं बरंच काही चाललं होतं. आई ऐकत होती. रात्री तिने चिंच भिजत घातली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सकाळी ओट्यावर डबा सोन्यासारखा झळकत होता. दादा दारातच थिजला.

"आई! पॅटिना गेला!"

"कुठे गेला? आलाच कधी होता?"

"अगं, जुन्या धातूवर वर्षानुवर्षं जो रंग चढतो ना, तो. त्याचीच तर किंमत असते!"

"त्याला मळ म्हणतात," आई म्हणाली.

मळ निघाल्यावर झाकणावर टिंबाटिंबांची अक्षरं उमटली होती. 'सौ. कुसुम', मग झिजलेली जागा, मग 'कर', पुढे 'वाई', आणि खाली '५-५-६३'. दादा मटकन खुर्चीत बसला. पानिपत दोनशे वर्षांनी हुकलं होतं. पण पाचच मिनिटांत त्याचा चेहरा उजळला. शंभर वर्षांहून जुनी अशी पुराणवस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. दादाची दर खेपेची ही मोठी कुचंबणा आहे. बाजारात जी वस्तू दीडशे वर्षांची ठरावी म्हणून तो जादा पैसे मोजतो, ती विमानतळावर कालपरवाची निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसतो. आणि इथे तर तारखेसकट पुरावा! "नेता येईल," तो म्हणाला.

"नेता कसा येईल?" आई म्हणाली. "दुसरीच्या नावाचा डबा आहे."

"मी विकत घेतलाय, आई."

"भांड्यावर नाव कशाला घालतात रे? मुंजीला, लग्नाला चार घरची भांडी आणायची. पंगती उठल्या की एकच ढीग. त्यातनं ज्याचं त्याला परत जावं म्हणून नाव, आणि गाव. तू हा घेऊन निघालास अमेरिकेला. ती कुसुम विचारत आली तर मी काय सांगू?"

दादाने केळकर संग्रहालय पुढे केलं. हा त्याचा हुकमाचा पत्ता. "केळकरांनी असंच गावोगाव हिंडून जमवलं ना? अडकित्ते, दिवे, दरवाजे, वीस हजारांवर वस्तू! कोथरूडहून मस्तानीचा महाल आणून उभा केला!"

"आणि पंचाहत्तर साली सगळं सरकारला देऊन टाकलं," आई म्हणाली. "इथेच. बाजीराव रस्त्याला लागून."

मग तीन दिवस आमच्या घरात कुसुमचा शोध चालला. सुट्टीचे शेवटचे तीन दिवस. माझ्या ऑफिसातल्या एकाची मावशी वाईची निघाली, तिला फोन केला. तिच्या ओळखीत तीन कुसुम. एकीचं लग्न एकाहत्तरचं, एक माहेरवाशीण, तिसरीला ऐकू येईना. आडनावाचं नुसतं 'कर' हातात घेऊन महाराष्ट्रात माणूस शोधायचा म्हणजे पावसात छत्रीवाला शोधण्यासारखं. पण गंमत अशी, की दादा त्या तीन दिवसांत बाजारात गेलाच नाही. फोनवर अनोळखी म्हाताऱ्यांशी मे त्रेसष्टमधल्या लग्नांबद्दल तासन् तास बोलत बसला. कुणाच्या लग्नात काय पंगत होती, आहेर काय आले, सगळं त्याने विचारून घेतलं. मुलगीही मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. "बट हू इज कुसुम?" असं तिने रात्री झोपताना मला विचारलं.

कुसुम सापडली नाही. डबा आईने ठेवून घेतला. "चौकशी लावलीय ना, कुणी आलं तर?" एवढंच म्हणाली. मी मनात म्हटलं, चला, निदान आमच्या माळ्यावर तरी नाही चढला. कारण तेवीस किलोत जे बसत नाही ते माळ्यावर जातं. सध्या तिथे ट्रामच्या दोन घंटा, कर्णा, चहात भिजलेली लक्ष्मी आणि सात समया आहेत. ह्यांचा विमा मी उतरवावा, अशी दादाची सूचना आहे.

एक काम मात्र फसलं. निघायच्या आदल्या दिवशी दादाने काशीफळाची आमटी पितळेच्या पातेल्यात करायचा हट्ट धरला. आईने विचारलं, "कल्हई कोण करणार? आंबट घातलं की कळकेल." गल्लीत भाता आणि नवसागर घेऊन बसणारा कल्हईवाला शेवटचा कधी आला होता, हे कुणालाच आठवेना. आमटी स्टीलमध्ये झाली. दादाने तीनदा वाढून घेतली.

दादा गेल्यावर तिसऱ्या दिवशी बोहारीण आली. आईने आतून दोन जीन्स आणि एक जाकीट आणलं. पाऊण तास घासाघीस चालली. आईने एकदाही बोहारणीच्या पातेल्याकडे बघितलं नाही, जिन्याकडेच बघत होती. शेवटी झाकणासकट पातेलं तिने पदरात पाडून घेतलं. संध्याकाळी ते माझ्या हातात देऊन म्हणाली, "दादाचं नाव घालून आण. नाव आणि गाव."

रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा अजून बसतो. फक्त आता टिंबं ठोकत नाही, सुईचं मशीन घर्र करत फिरवतो. पैसे अक्षरावर घेतो. दादाचं नाव घालून झाल्यावर त्याने मशीन थांबवलं.

"गाव काय घालू?"

मी आईला फोन लावला. "गाव कुठलं घालायचं? न्यू जर्सी?"

"अक्षराला किती घेतो?"

मी सांगितलं.

"पुणे घाल," आई म्हणाली. "दोन अक्षरांत होतं."