तीस जणांत भावकी बसवा

फेसबुकने सोय केलीय: आवडत्या ३० जणांची यादी करा, त्यांच्या पोस्ट आधी दिसतील. उरण तालुक्यातल्या आमच्या जासई गावात हे कुणी जमवून दाखवावं. तिसात इथे एका घरची हळदसुद्धा आटपत नाही; एकतिसावा नेमका सख्खा चुलता निघतो.

दुसरा उपाय, ३० दिवसांचा ‘स्नूझ’. ज्याला गप्प केलं त्याला कळत नाही म्हणे. पण ‘भावी सरपंचां’च्या बॅनरला लाईक पडला नाही, तर विचारणा दारात येते. शिवाय भावी सरपंच वर्षानुवर्षं भावीच असतात, ३० दिवसांनी काय फरक पडणार?

उरले साडेबारा टक्क्यांचे भूखंड विकणारे. एका व्हिडिओवर बोट रेंगाळलं की रोज भूखंडच. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात हे टक्के ज्या आंदोलनातून पदरात पडले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. नेते दि. बा. पाटील याच गावचे. त्या पाच जणांच्या आठवणीची पोस्ट मात्र वर्षातून एकदा, १६ जानेवारीच्या सुमारास, फुलांच्या इमोजीसह वर येते. एरवी यंत्राला वाटतं, आम्हाला तिच्यात रस नाही. यंत्राचं फार चुकतंय, असंही नाही.