आमच्याकडे सत्तेचाळीस

मुंबई-ठाण्याच्या प्रत्येक सोसायटीत मे महिन्यात एक नागपूरकर उगवतो. राहतो तो वर्षभर तिथेच, पण लिफ्टमध्ये कुणी "काय उकडतंय हो!" म्हटल्याशिवाय त्याला कंठ फुटत नाही. "हे काहीच नाही बाप्पा, आमच्याकडे सत्तेचाळीस!" मुलाच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षाही जास्त अभिमानाने तो हा आकडा सांगतो. वीज गेली, सत्तेचाळीस. टँकर आला नाही, सत्तेचाळीस. मग माहेरचा म्हणून तो हट्टाने डोंबिवलीत कूलर आणतो. रात्रभर पाणी टपटपतं, सकाळी चादर दमट, डब्यातले पापड मऊ. "हवा तरी येते ना?" हा त्यावरचा खुलासा.

त्याचा हिशेब चुकतो तो इथेच. अंग गार होतं घाम वाळल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नाही. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या नागपुरी दुपारी पारा २४च्या आसपास उतरेल; ३४ अंश आणि ७५ टक्क्यांच्या मुंबईत तो ३०च्या खाली यायला तयार होणार नाही. म्हणून तर हवामान खातंही उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं आणि किनाऱ्यावर ३७पासून. नागपूरकराच्या मते ही मुंबईकरांना दिलेली तीन गुणांची सवलत आहे.

तरीही त्याला सरळ खोटं पाडता येत नाही. त्याच्या गावात उन्हाला मान आहे. दुपारी रस्ते ओस पडतात, तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी गाडी काढत नाही, खिडकीला वाळ्याच्या ताट्या लागतात, चौकात पाणपोई बसते. मुंबई मात्र उकाड्याला सुट्टीचा अर्जसुद्धा करू देत नाही. टाय बांधून ८.१२च्या लोकलला लोंबकळते. कुणी म्हणेल, विदर्भातल्या वीटभट्टीवरच्या आणि रस्त्याच्या कामावरच्या मजुराला कुठली आली दुपारची विश्रांती? खरंय, तो सत्तेचाळीसमध्येच राबतो, आणि त्याला त्या आकड्याचं कौतुक नसतं. पण नागपूरकराला हे ठाऊक असतं, आणि इथेच नाइलाजाने त्याच्याबद्दल बरं बोलावं लागतं. पत्र्याच्या केबिनमधल्या वॉचमनला भर दुपारी कैरीचं पन्हं नेऊन देणारा, "कांदा ठेव खिशात" असं बजावणारा सोसायटीत तो एकटाच. केबिनला पंखा आणि वर ताडपत्री हवी, असा लेखी अर्जही तोच देतो. कमिटी एसीत बसून गंभीरपणे विचार करते आणि विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे ठेवते.