करवून घेणारे काका

प्रत्येक सोसायटीत एक करवून घेणारे काका असतात. स्वतःच्या हाताने त्यांनी कधी बल्ब बदललेला नसतो. पण बदलणाऱ्याच्या स्टुलाशी उभं राहून 'उजवीकडे फिरव, अरे उजवीकडे!' हे मात्र जन्मभर सांगितलेलं असतं. बँकेतून निवृत्त, खिशात मापाची टेप आणि छोटी टॉर्च, नजर कायम कोपऱ्यात. 'उभं राहिल्याशिवाय काम होत नाही' हे त्यांचं ब्रीद. कामवाल्या मावशी केर काढताना ते मागोमाग टॉर्च मारत हिंडतात. आमचे काका ठाण्यातले, तिसऱ्या मजल्यावरचे. तुमचे डोंबिवलीचे किंवा कोथरूडचे असतील, टॉर्च तीच.

गणपती उठले की त्यांचा हंगाम सुरू होतो. हल्ली साफसफाईला फोन करून माणसं बोलावता येतात, याचा काकांना फार आनंद आहे, कारण घासाघीस करायला एक जागा वाढली. "टू बीएचके म्हणता खरं, पण आमची दुसरी बेडरूम लहान आहे. ती अर्धी धरा." "बिल कशाला? जीएसटीचे १८ टक्के तेवढे वजा करा." दर एकदा ठरला की मग त्यांचं खास अस्त्र बाहेर पडतं: जाता जाता. जाता जाता पंखे पुसा, जाता जाता माळ्यावर एक नजर टाका, जाता जाता खाली स्कूटरवर पाणी मारा.

यंदा दोन पोरं आली. भलंमोठं व्हॅक्यूम मशीन जिन्याने उचलून आणलं, कारण 'सर्व्हिसवाल्यांनी लिफ्ट वापरू नये' अशी पाटी खाली लागलेली आहे आणि ती काकांनीच लावली आहे. पोरं धापा टाकत दारात पोचली तेव्हा काकांनी घड्याळात पाहिलं. कामाचा तास त्यांच्या हिशेबाने उंबरठ्यापासून सुरू होतो, पण उशीर मात्र फाटकापासून मोजायचा असतो.

बाथरूमच्या दारात खरा सामना झाला. काका ॲसिडची बाटली घेऊनच उभे.

"हे ओत आणि बघ कसं चकाचक होतं ते."

"काका, खाली मार्बल आहे. ॲसिड मार्बल खातं."

"तीस वर्षं आम्ही हेच वापरतोय."

"तेच दिसतंय," पोरगा फरशीवरच्या खड्ड्यांकडे बघत अदबीने म्हणाला.

काका हार मानणाऱ्यांतले नव्हेत. "मग त्यात थोडी ब्लीचिंग पावडर टाक. दोन्ही मिळून जोर येईल." पोराने काही न बोलता बाटली उचलली आणि थेट गॅलरीत नेऊन ठेवली. दोन्ही मिळून येतो तो क्लोरीन वायू, आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत गेला तर फरशी बघायला माणूस उरत नाही, हे त्याला कामावर घेताना शिकवलेलं होतं. काकांना ते कुणी शिकवलं नव्हतं, कारण काकांना कुणी कामावर घेत नाही.

शेवटी खिडकी. "बाहेरून पण पूस. छज्ज्यावर उतर ना जरा, जाता जाता."

"खिडकीबाहेर पाय काढायचा नाही, असा नियम आहे आमचा," असं म्हणून पोराने लांब दांड्याचा वायपर काढला. काकांनी काकूंकडे पाहून 'फाजील लाड' एवढंच पुटपुटलं. चहा झाला. पोरांना कान तुटलेल्या कपांतून मिळाला. हे दोन कप त्या घरात बाहेरच्या माणसांसाठी जपून ठेवलेले आहेत. फुटलेला कप जपणारं दुसरं घर माझ्या पाहण्यात नाही.

एवढ्यात सोसायटीचंच काम निघालं. आमची इमारत तिशी ओलांडून गेलेली. उपविधींनुसार अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ३ वर्षांनी व्हायला हवं. ते झालं आणि इंजिनीअरने बाहेरच्या भिंतींना भेगा दाखवल्या. सांडपाण्याच्या पाइपाशी पिंपळाने संसार थाटलेला. दर पावसाळ्यानंतर त्याचा शेंडा छाटून समाधान मानायची आमची पद्धत. मूळ आत मजेत भिंत फोडत होतं. दुरुस्ती आणि रंगासाठी तीन कोटेशनं आली. सभेत काकांनी सर्वांत कमी रकमेच्या आकड्याखाली पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. चिटणीसबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी शांतपणे कागद उलटा करून दाखवला. त्यात जाळी नव्हती, सुरक्षेचा पट्टा नव्हता, कामगारांचा विमा नव्हता. रक्कम कमी होती ती रंगातली नव्हे, माणसातली. मधलं कोटेशन मंजूर झालं आणि काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दोरीवरचा माणूस भिंत ठोकत ठोकत काकांच्या गॅलरीसमोर उतरला. बसायला लाकडी पाटा, कमरेला बादली, हातात हातोडी. गेल्या दोन दिवसांत काकांना बोलायला मिळालेलं हे पहिलं माणूस, तेही हक्काच्या अंतरावर.

"अरे, जाता जाता आमच्या ग्रिलला एक हात मार ना."

त्याने एकदा खाली पाहिलं. "काका, इथून जायला एकच वाट आहे. ती नको."

काका तरातरा गच्चीवर गेले. जेवणाची सुट्टी झालेली, सुपरवायझर डबा खात होता. काकांनी दोऱ्या मोजल्या. "एका माणसाला दोन दोऱ्या? भाडं दोन्हीचं लावलंय का?"

"एक पाट्याची, एक पट्ट्याची. पहिली तुटली तर माणूस दुसरीवर राहतो."

"मग पहिलीच चांगली घ्या!" असं म्हणत काका सवयीने तपासायला वाकले. कठड्याच्या धारेवर दोरी घासू नये म्हणून गोणपाट घातलेलं होतं. तेही उचलून पाहिलं. पाट्याची दोरी टाकीच्या कॉलमला बांधलेली. ठीक. पट्ट्याची दोरी जुन्या डिश अँटेनाच्या लोखंडी पाइपाला. काकांचा आयुष्यात कशावरच विश्वास नाही, तेव्हा पाइपावर कुठून असणार? त्यांनी तो धरून गदगदा हलवला. हलला.

"हे हलतंय!"

काकांचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला. सुपरवायझरने डबा टाकून दोरी सोडवली आणि दुसऱ्या कॉलमला बांधली. चिटणीसबाईंनी त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर काकांना 'दोरी तपासणी प्रमुख' करून टाकलं.

आता रोज सकाळी काका गच्चीवर हजर असतात. गाठ ओढून बघतात, कॉलमला धक्के देतात, पट्ट्याचा हुक अडकल्याचा 'खट्' आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय कुणाला कठड्यापलीकडे जाऊ देत नाहीत. विम्याच्या पॉलिसीची प्रत मागून घेतली आणि तिची मुदत टॉर्च मारून वाचली. वारा जोराचा सुटला की खालून हाका मारून काम थांबवतात. माणसं वैतागतात, पण पट्टा लावतात. काका पूर्ण बदलले असं मात्र समजू नका. दोरीचं भेंडोळं जड म्हणून त्यांनी लिफ्टने न्यायची परवानगी दिली आहे. माणसाने जिन्याने यावं. कपही तेच आहेत.

तुमच्या सोसायटीतही असे काका असतील, आणि कामाच्या दिवसांत त्यांना चार दिवस गावाला पाठवावं असं तुम्हाला वाटत असेल. पाठवू नका. एवढा संशयी माणूस पगार देऊनही मिळत नाही. त्यांना फरशीपासून उठवा, गच्चीवर न्या आणि दोरी कुठे बांधली आहे ते दाखवा.