कानसेन पांढुर्ण्याला जातात

नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी काटोल सोडते, नरखेड सोडते आणि कुणालाही न विचारता मध्य प्रदेशात शिरते. खिडकीबाहेर संत्र्यांच्या त्याच बागा, तीच कपाशी, तीच काळी माती. डब्यातली भांडणंसुद्धा ज्या भाषेत सुरू झालेली असतात त्याच भाषेत पुढे चालू राहतात. सरहद्द ओलांडल्याची नोंद काय ती मोबाइल घेतो, आणि ‘मध्य प्रदेशात आपले स्वागत आहे’ असा संदेश येईपर्यंत पांढुर्णा स्टेशन आलेलं असतं.

या स्टेशनवर पोळ्याच्या आदल्या दिवशी पुण्याचे कानसेन उतरले. हे नाव त्यांच्या मित्रांनी ठेवलेलं. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ गाण्यातलं सगळं जाणतो, फक्त गात नाही. सवाई गंधर्व महोत्सवात समोर कोण गातंय यापेक्षा कानसेनांनी मान कुठे हलवली याकडे आजूबाजूच्या रांगांचं लक्ष असतं. आणि ते मान फार क्वचित हलवतात.

पांढुर्ण्याला येण्यामागे त्यांचा एक उदात्त हेतू होता. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारामुळे हवापालटासाठी देवासला गेले. अंथरुणाला खिळलेले असताना माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि पुढे त्याच धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. हे कानसेनांना तोंडपाठ होतं. माळव्याला कुमार मिळाले, मग सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मराठी मुलखाने कुणाचं काय घोडं मारलंय? आपल्याला गाता येत नाही ही अडचण त्यांनी क्षुल्लक ठरवली. धून आपण शोधायची, राग कुणीही तरुण गवई मांडेल. पांढुर्ण्यातून जाम नावाची नदी वाहते, हे वाचल्यावर तर रागाचं नावही प्रवासाआधीच ठरलं: जाम सारंग. वहीत राग, ताल आणि भाषा असे तीन रकाने आखून घेतले. राग सापडायचा तेवढा बाकी होता.

स्टेशनबाहेर त्यांनी रिक्षावाल्यापुढे आपली पुणेरी हिंदी काढली. “भैयाजी, हमको एक अच्छा, साफसुथरा, मतलब जरा शांत ऐसा लॉज मंगता है.” रिक्षावाल्याने वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण माणसं इथली सभ्य आहेत. मग म्हणाला, “बसा नं काका. मराठी येते आमाले.”

आता यात नवल ते काय? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशातून विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसर या त्याच जिल्ह्यातल्या तहसिली. २०२३ साली या दोघींचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. दुकानावरच्या पाट्या हिंदीत, शाळेचा तास हिंदीत, कोर्टाचा कागद हिंदीत. आणि दुकानदार, मास्तर, वकील जेवायला घरी गेले की तिथे वऱ्हाडी. सरकारने जमीन मोजली, चुलीपर्यंत काही मोजपट्टी पोचली नाही. ही गोष्ट इथल्या लोकांना इतकी सवयीची झाली आहे की त्याबद्दल विचारणाऱ्याकडेच ते जरा काळजीने बघतात.

पोळ्याच्या दुपारी कानसेन मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करून तोरणाखाली उभे राहिले. बैल आले. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा. आदल्या दिवशी खांदे शेकून, तूप-हळद चोळून त्यांना जेवणाचं रीतसर आमंत्रण दिलेलं असतं, त्यामुळे चालण्यात पाहुण्यांचा तोरा. मग झडत्या सुरू झाल्या. विदर्भात पोळा म्हणजे झडती हे ठरलेलंच. एकाने पुढे होऊन खड्या आवाजात चार-सहा चरणांची झडती म्हणायची, शेवटी सगळ्यांनी मिळून ‘हर हर महादेव’चा गजर करायचा, की लगेच पलीकडच्या घोळक्यातून उत्तर. सुरुवात देवापासून होते, पण देव फार वेळ टिकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या झडतीला कापसाचा भाव येतो, मग व्यापारी येतो, मग आळशी नवरा, मग निवडून आलेला आणि नंतर न दिसलेला पुढारी. तो पुढारी बऱ्याचदा तिथेच, हार घालून, हसत उभा असतो. टीकेची ही सोय वर्षातून एकदा मिळते आणि ती यमकातच करावी लागते. वर्तमानपत्रांनी हा नियम घ्यायला हरकत नाही.

कानसेनांनी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, “बाबा, याचा ताल कोणता?”

“ताल कायचा जी? बैल बिचकले नाई पायजेत, बस.”

ही व्याख्या भातखंड्यांच्या एकाही खंडात नाही. कानसेनांनी ती वहीत उतरवली आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. संध्याकाळी लॉजवर येऊन ध्वनिमुद्रण ऐकलं तर त्यात घुंगरंच घुंगरं, मधूनच महादेव, आणि एकदा अगदी जवळून बैलाचा दीर्घ निःश्वास. हा निःश्वास मात्र सुरात होता, असं ते आजही शपथेवर सांगतात.

रात्री लॉजच्या मालकाने सांगितलं, “उद्या मेळा आहे नदीवर. लवकर जाजा, नाईतर गच्चीवर जागा भेटत नाई.” जामच्या काठावर मेळा! म्हणजे शाहीर, खडी गंमत, ढोलकी, डफ. जाम सारंगचा जन्म आता घटकाभरावर आला, या आनंदात कानसेन नवा कुर्ता घालून निघाले. मेळा गोटमारीचा आहे, हे त्यांना सांगायची गरज कुणालाच वाटली नाही. पांढुर्ण्यात ते सांगावं लागत नाही.

जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला, नदीच्या मध्यावर दोघांवर दोन्हीकडून दगड बरसले, अशी दंतकथा सांगतात. तेव्हापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ एकमेकांवर गोटे फेकतात. झाड तोडून झेंडा ज्यांच्या हाती लागेल ते जिंकले. तो झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. कानसेन एका गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला, नव्या कुर्त्यात. खाली दोन्ही काठांवर ढोल वाजत होते. प्रथम त्यांनी सवयीने लय पाहिली, मध्यलय. मग ढोल चढला, आणि ढोल चढला तसे दगड वाढले. तेव्हा त्यांनी लय पाहणं सोडून दिलं.

या ठिकाणी लेखणी थोडी थांबवावी लागते. गोटमारीत दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, आजवर कित्येकांचे जीव गेले आहेत. जमावबंदीचे आदेश निघतात, पोलीस उभे असतात, दवाखाने सज्ज असतात. एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला ठेवले आणि दगड उचलले. परंपरा म्हणून डोकं फोडून घेण्यात काही भव्य आहे असं ज्याला वाटतं त्याने त्या दिवशी दवाखान्याच्या दारात उभं राहावं. गच्चीवरच्या एक बाई कानसेनांना चहाचा कप देत म्हणाल्या, “माया पोरगा खाली आहे. दरसाल म्हणतो, औंदा जात नाई.” आणि त्या परत कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. पोरगा संध्याकाळी खांद्याला पट्टी बांधून घरी आला, एवढं कानसेनांना निघण्याआधी कळलं.

वहीच्या रागाच्या रकान्यात त्यांनी ‘जाम सारंग’वर आडवी रेघ मारली.

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाताना जामसावळीचा हनुमान लागतो. पिंपळाखालची ही मूर्ती उभी नाही, बसलेली नाही, चक्क आडवी आहे. मंगळवारी आणि शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. कानसेन नेमके शनिवारी पोचले. देव आडवे पहुडलेले आणि चहूबाजूंना कर्णे उभे. एका कर्ण्यावर हिंदी भजन, दुसऱ्या दुकानातून मराठी आरती, तिसरीकडून चित्रपटाच्या चालीवरचं तिसरंच काहीतरी. तिन्हींचे षड्ज वेगळे. एवढ्यातही ज्याची झोप मोडत नाही त्याच्या सामर्थ्याविषयी कानसेनांच्या मनात उरलीसुरली शंका राहिली नाही. त्यांनी मनोभावे नमस्कार केला आणि कानांत कापूस घातला. कापूस इथला, त्यामुळे उत्तम प्रतीचा होता.

सौंसरला मुक्काम पडला तो ओळखीच्या ओळखीने, एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी. या काकांचा जीव अडकला होता अडीच फुटी रुळांत. नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी १९१३ च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेने सुरू केली. सौंसर त्याच मार्गावर. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली, रूळ रुंद झाले, आता मोठी गाडी धावते. “मोठी गाडी भल्ली जोरात जाते,” काका तक्रारीच्या सुरात म्हणाले. “छोट्या गाडीत आमचं मंडळ बसे. सौंसरला भजन धरलं तं घाट येईपर्यंत आरती होऊन जाय. आता पहिला गजर व्हाचाच राह्यते अन् स्टेशन येते.” महाशिवरात्रीला पचमढीच्या चौरागडावर त्रिशूळ घेऊन निघालेले विदर्भातले भाविक, नागपंचमीला नागद्वारीला जाणारे जत्थे, सगळे महादेवाची गाणी म्हणत याच वाटेने छिंदवाड्याकडे सरकत. घरातला जुना रेडिओ दाखवून काका म्हणाले, याच्यावर भोपाळपेक्षा नागपूर ठळक लागायचं. नागपूर आकाशवाणी १९४८ ची. राज्य बदललं तरी काट्याची सवय काही बदलली नाही.

रात्री मंडळाची बैठक. हार्मोनियम, तबला, टाळ, आणि सगळ्यांत महत्त्वाची ती खंजिरी. या भागात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराज. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा १९०९ चा जन्म, मोझरीजवळचं गुरुकुंज, ४१ अध्यायांची ग्रामगीता. पण लोकांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते चित्र म्हणजे हात उंचावून खंजिरी वाजवत हजारोंच्या सभेला गायला लावणारा माणूस. स्वच्छतेपासून स्वातंत्र्यापर्यंत सगळं त्यांनी भजनात बसवलं, आणि बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. पांढुर्णा-सौंसरच्या दृष्टीने त्यांनी केलेली मोठी सोय ही, की त्यांनी मराठीत लिहिलं आणि हिंदीतही भरपूर लिहिलं. त्यामुळे इथलं मंडळ एक भजन मराठी, एक हिंदी असं म्हणत जातं आणि मध्ये श्वासही घेत नाही. कुणी पाहुणा छिंदवाड्याचा असेल तर हिंदी दोन जास्त, काटोलचा असेल तर मराठी दोन जास्त.

कानसेनांची वही मांडीवर उघडी होती. रागाच्या रकान्यात आधी भैरवी लिहिलं, मग खोडून पिलू, मग तेही खोडलं. तालाला केरवा लिहिला. तो मात्र टिकला. भाषेच्या रकान्यात बराच वेळ पेन्सिल अडून राहिली. शेवटी त्यांनी तिथे फक्त ‘हो’ असं लिहिलं.

खंजिरीवाला म्हणजे दिवसा पंपदुरुस्ती करणारा तिशीतला जवान. त्याच्या बोटांना वंगणाचा काळा रंग कायमचा लागलेला. पण चामड्यावर बोट पडलं की झांजा अशा काही शहारत, की कानसेनांची मान हलली. सवाईत क्वचित हलणारी मान इथे दर चौथ्या मात्रेला हलू लागली. हे एका म्हाताऱ्याच्या नजरेतून सुटलं नाही. “पुण्याचे ना तुमी?” त्याने विचारलं. “भीमसेन जोशींच्या गावचे! मंग होऊन जाऊ द्या एक.”

मी गात नाही, हे कानसेनांनी तीन प्रकारे सांगून पाहिलं. विदर्भात हे वाक्य गाण्याची पूर्वतयारी समजलं जातं. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, टाळकरी थांबले, आतल्या खोलीतून बायका दाराशी आल्या. सुटकेचा मार्ग उरला नाही तेव्हा कानसेनांनी डोळे मिटून, लहानपणी आजीच्या मागे बसून म्हटलेला अभंग काढला. पहिली ओळ पेटीच्या सुरापासून बरीच लांब उतरली. पेटीवाला मुकाट्याने आपला सूर त्यांच्याजवळ घेऊन आला. दुसऱ्या ओळीला तबला आला, तिसरीला खंजिरी, आणि ध्रुपदाला अख्खं घर. एवढ्या गदारोळात कानसेनांचा आवाज कुठे आहे हे त्यांनाच ऐकू येईना. साठीच्या पुढे आयुष्यात पहिल्यांदा ते निर्धास्त गायले. अभंग संपला तरी मंडळाने तो सोडला नाही. आणखी चार आवर्तनं झाली, तीही द्रुत.

चहा फिरला. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी नावंही ठेवली नाहीत. पुढचं भजन सुरू झालं आणि कानसेनांच्या हातात टाळांची जोडी आली. त्यांचा टाळ दोनदा चुकला तेव्हा शेजारच्या आठवीतल्या मुलाने त्यांचं मनगट धरून समेवर आपटलं.

बैठक उठताना लोधीखेड्याचे दोघे जण जवळ आले. “काका, गणपतीत आमच्याकडं येता का? येण्याजाण्याचं पाहू आमी. जेवणबी आहे.”

कानसेन हरखले, पण प्रामाणिकपणा आडवा आला. “अहो, मी गायक नाही.”

“ते ऐकलं आमी,” त्यातला मोठा म्हणाला. “टाळाले माणूस कमी पडते नं.”